जिन्याखालचा खटका

मालूबाईच्या घरात दिवसा दार लावायची रीत नव्हती. दिवसा दार लागतं ते दोनच वेळी, असं ती म्हणायची: बाळंतीण अडली तर, नाहीतर घरात कुणी गेलं तर. बाकी पाहुणा असो, ताप असो, नवराबायकोचं भांडण असो, दार सताड उघडं. घर चार मजली. तळाला ती, मुलगा हरेश आणि सून अंकिता. वर सगळे भाडेकरू, उलव्याला बांधकामावर जाणारे. खोली देताना त्यांनाही ती पहिली अट हीच घालायची. अट कागदावर नव्हती. मालूबाईच्या तोंडात होती, आणि ते तोंड सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हणून त्या दुपारी सुनेच्या खोलीची कडी आतून सरकल्याचा आवाज आला, तेव्हा मालूबाईचा हात सुक्या जवळ्याच्या सुपात होता तिथेच राहिला.

ती तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती. जिन्याखाली, पाठीला उशी बांधलेल्या खुर्चीत. डोक्यावर मीटरांची रांग आणि रांगेच्या टोकाला मेनचा मोठा खटका. वरच्या मजल्यावर गाणी मोठ्याने लागली, टाकी भरून पाणी वाहून गेलं, कुणी पिऊन आरडाओरडा केला, की मालूबाई जिना चढायच्या भानगडीत पडायची नाही. बसल्या जागी हात वर करायची आणि खटका खाली. पंखे बंद, टीव्ही बंद, माणसं गप. मग कुणीतरी खाली येऊन हात जोडायचं. "माझ्या बोटावर उजेड हाय तुमचा," ती म्हणायची, आणि मनात आलं की खटका वर करायची.

"अंकिता," तिने बसल्या बसल्या हाक मारली. "काय झाला गो?"

"डोकं दुखतंय, आय. जरा झोपते." आवाज दाराआडून आला. "हाक मारू नका मला."

मालूबाईने सूप खाली ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून ही पोर दुपारची कधी आडवी झाली नव्हती. तापातही पाय पोटाशी घेऊन बसून राहायची. आणि "झोपते" हा शब्द दाराआडून मालूबाईने याआधीही एकदा ऐकला होता.

तो शब्द काशिरामचा होता.

काशिराम तिचा धाकटा दीर. ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा तो एवढासा होता, त्याचं नाक तिने पुसलेलं, त्यामुळे दीर असला तरी तोंडी अरेतुरेच. बायको गेल्यावर शेजारच्या घरात एकटा राहायचा. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला फोन आला, तोंड दिसणारा. फोनमध्ये पोलीस. अंगावर वर्दी, मागे भिंतीवर झेंडा, सगळं साग्रसंगीत. तुझ्या नावाच्या पार्सलात गांजा सापडलाय म्हणाले. तुला अटक झालीय, पण घरातल्या घरात. दार लाव, फोन समोर ठेव, आम्ही सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही, कुणाशी एक शब्द बोलायचं नाही. आणि काशिराम, ज्याने तरुणपणी जमिनीच्या मोर्चात लाठ्या खाल्ल्या होत्या, तो मांजरासारखा बसून राहिला. विमानतळात गेलेल्या शेताच्या पैशातलं जे काही त्याच्यापाशी उरलं होतं, ते सगळं फोनमधल्या त्या वर्दीने ओरपून नेलं. तेव्हापासून तो घराबाहेर पडत नव्हता. कुणाच्या हातात फोन दिसला की तोंड भिंतीकडे करायचा.

त्याला पोलिसात घेऊन गेली ती अंकिता. तक्रार लिहिली तिने, बँकेत उभी राहिली ती, पनवेलला कोर्टासमोरच्या वकीलबाईंकडे कागद नेऊन दिले तिनेच. त्या खेपा घालता घालता वकीलबाईंनी तिला विचारलं होतं, "बारावी झालीस ना? मग हे रीतसर शिकून ये. सर्टिफिकेट आण, माझ्याकडे टेबल रिकामं आहे."

त्यावरून तो कोर्सचा अर्ज. अर्जाचं मालूबाईपासून काही लपवलेलं नव्हतं. तिच्यासमोरच, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून अंकिताने तो भरला होता. ओट्याला टेकून, कारण शेजारी प्लग. हरेशचा लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी कधीच मेलेली. वायर निघाली की त्याचा श्वास बंद.

"काय शिकवणार हायेत त्यात?" मालूबाईने विचारलं होतं.

"वकिलाच्या हाताखालचं काम, आय. कागद तयार करायचे, फाइल लावायची, पुढच्या तारखेला काय लागेल ते बघायचं. घरी बसून शिकायचं. पॅरालीगल म्हणतात."

"म्हणजे वकील नाय आणि कारकूनपण नाय. आमच्यात त्याला चोंबडेपणा म्हणतात."

हरेश हसला. आईने नुसतं बघितलं तसा तो टाकी भरली का बघायला वर निघून गेला.

"इथे विचारलंय," अंकिता पडद्याकडे बघत म्हणाली, "हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?"

"लिही, सासूवर केस टाकायची हाय."

"ते पुढच्या वर्षी, आय. आधी शिकू तर द्या."

जीभ चालते पोरीची. मालूबाईला ते मनातून आवडायचं, पण आवडलं असं तोंडाने म्हणायची तिच्याकडे पद्धत नव्हती. "फोनवरचं शिक्षण," ती जवळा पाखडत म्हणाली होती, "फोनवरच्या पोलिसासारखंच असायचं. बघ हां, तुझ्या सासऱ्याच्या भावाचं काय झालं ते."

तेव्हा ते थट्टेत म्हटलं होतं. आज कडी लागली आणि थट्टेचं वाक्य तिच्याच अंगावर उलटून आलं.

ती उठली. चपला काढून, अनवाणी, दारापाशी गेली. आतून आवाज येत होता. अंकिताचा नाही. पुरुषाचा.

"आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा. अजून जवळ. हलवू नका."

तिने भिंतीला हात लावला.

"घरात आणखी कोण आहे?"

"सासूबाई आहेत," अंकिता म्हणाली. "त्या आत येणार नाहीत."

"कुणी आत आलं तर जबाबदारी तुमची. नंतर आम्ही ऐकून घेणार नाही."

मालूबाई मागच्या पडवीत धावली. धावली म्हणजे गुडघे साथ देतील तेवढी. खोलीची खिडकी तिकडे उघडायची, आणि खिडकीचा पडदा आखूड होता. पनवेलच्या बाजारात कापडासाठी हुज्जत घालून वीतभर कमी कापड तिनेच आणलं होतं. ती वाकली आणि त्या वीतभर फटीतून आत बघितलं.

अंकिताने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला होता, प्लगमधली वायर मागे ताणली जात होती. ती तो खोलीभर फिरवत होती. कपाटाची भिंत, देवाची भिंत, दार, खिडकी. खिडकीकडे तोंड झालं तशी मालूबाई खाली बसली. मग पुन्हा वर झाली.

"पलंगाखाली दाखवा."

अंकिता वाकून पलंगाखाली दाखवत होती. तिथे मालूबाईची दागिन्यांची पेटी होती.

"आता कान दाखवा. केस मागे घ्या. दोन्ही कान."

आणि पोरीने केस मागे घेतले आणि कान दाखवले. कानात लग्नातली सोन्याची कुडी होती, मालूबाईने स्वतः घातलेली.

"हातात काय आहे? काढून ठेवा सगळं. मनगटं दाखवा."

अंकिताने बांगड्या उतरवल्या. घड्याळ उतरवलं. एकेक वस्तू पलंगावर ठेवली. सोनं मोजून घेतायत, मालूबाईला वाटलं. घरात काय काय आहे ते सगळं डोळ्यांनी उचलून नेतायत, आणि ही गाय कसायापुढे उभी राहावी तशी उभी.

"आता मी सांगेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. नजर समोर. कुणाशी बोललात तर तिथेच संपलं."

मालूबाई मागे सरली. ओरडावं म्हणून तोंड उघडलं, पण त्या तोंडातून, ज्याच्या धाकाने टेम्पोवाले गल्लीत हॉर्न वाजवत नसत, त्या तोंडातून हवासुद्धा निघेना.

ती काशिरामकडे गेली. त्याच्या घराचं दार बंद होतं, आता रोजच असायचं. तिने ते ढकललं. तो खाटेवर बसून होता, टीव्ही नाही, दिवा नाही.

"काशिराम. तुला त्यांनी भिंती दाखवायला लावलेल्या?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचेच ओठ पांढरे पडले. "कोण? आता कोणाला धरलंय?"

"बोल ना रे जल्ला. लावलेल्या का?"

"चारी. पलंगाखाली पण. कार्ड दाखवायला लावला. म्हणाले, घरात कोण हाय, कुणाशी बोलायचा नाय." तो थांबला. "नजर हलली तरी ओरडायचे, वयनी."

"मग तू ओरडला कशाला नाय? भिंतीला भिंत लागून माझं घर."

"तू आलेलीस ना."

मालूबाई खाटेच्या कडेला टेकली.

"बोंबलाचं कालवण घेऊन आलेलीस. दार वाजवलंस. ते समोर होते, मी म्हणालो, झोपलोय. तू टोप पायरीवर ठेवलास आणि गेलीस." काशिराम तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी आतून तुझ्या चपला ऐकत होतो. वाटत होतं आता वळशील, आता दारावर लाथ मारशील. एरवी तू कधी कुणाचं ऐकतेस? त्याच दिवशी ऐकलंस. कुणी नुसता लाइट घालवला असता ना वयनी, तरी अंधारात त्यांना दिसलो नसतो, सुटलो असतो."

पुढचं तिने ऐकलं नाही.

परत येऊन तिने दाराला तोंड लावलं. "अंकिता! उघड!" आतून उत्तर नाही. "अंकिता गो, मी हाय. उघड दार." उत्तर नाही, पण आतला तो पुरुष काहीतरी करड्या आवाजात बोलला. ती पुन्हा खिडकीकडे गेली. अंकिताने क्षणभर, अगदी डोळ्याच्या कोपऱ्यातून, खिडकीकडे बघितलं. त्या नजरेत भीती होती. नुसती भीती. तोंडावर घाम, ओठ दाताखाली. आणि लगेच तिने नजर समोर वळवली, कुणी मान धरून वळवावी तशी.

मालूबाईने आणखी विचार केला नाही. जिन्याखाली आली, हात वर केला आणि खटका ओढला.

पंखे थांबले. वरून कुणीतरी "अरे यार!" म्हणून ओरडलं. आणि खोलीतून अंकिताची किंकाळी आली. घाबरलेल्या माणसाची ती नव्हती. हातातलं भरलेलं भांडं फुटावं तशी होती.

कडी निघाली. अंकिता दारात उभी राहिली, मनगटं उघडी, केस अजून कानामागे.

"आय, लाइट गेला?"

"मी घालवला," मालूबाई धापा टाकत म्हणाली. "सुटलीस. ये बाहेर. काय नाय करू शकत ते आता. पेटीतलं काय सांगितलंस का त्यांना?"

अंकिता तिच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, उंबऱ्यावरच.

"परीक्षा होती, आय," ती म्हणाली. "प्रवेशाची. कोर्सची. ते कुणी चोर नव्हते. कॉपी करू नये म्हणून खोली बघतात, कानात काय घातलंय का बघतात." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मधे बंद पडलं तर पेपर बाद. तसं आधीच कळवलेलं."

"मला सांगितलं कशाला नाय?"

"सांगितलं असतं तर तुमी दाराशी बसला असता. नापास झाले असते तर वर्षभर ऐकवलं असतं. डोकं दुखतंय म्हटलं, म्हणजे तुमी विचारणार नाय, असं वाटलं." बांगड्या पलंगावरच होत्या, ती त्या आणायला उठली नाही. "मला काय माहीत तुमी असं कराल. भाडेकरूंना करता तसं."

"अगो, मला वाटलं..."

पण अंकिता उठली आणि तांदूळ धुवायला गेली.

मालूबाईने आयुष्यात पुष्कळ भांडणं बघितली होती, निम्मी तिने स्वतः सुरू केलेली. भांडणाची तिला भीती नव्हती. तिला भीती वाटली ती या तांदूळ धुण्याची. पोरीने आदळआपट केली नाही, माहेरी फोन लावला नाही, रडलीही नाही. पाणी बदलत राहिली, तीनतीनदा, तांदळाचं पाणी केव्हाच निवळलं होतं तरी.

संध्याकाळी हरेश उरणहून आला, बंदरातल्या कामाचे कपडे अंगावर तसेच. बायकोशी आत हळू बोलला आणि बाहेर आला.

"आय," तो म्हणाला, "मुद्दाम पाडलास ना खटका?"

"काय म्हणालास?"

"तुला पटत नव्हतं ते, माहीत होतं मला. पण तोंडाने बोलायचं होतंस."

"मी घाबर..." शब्द अर्ध्यावरच राहिला. तो शब्द तिच्या जिभेवर कधी बसलाच नव्हता. तिने नवरा स्मशानात पोचवला तेव्हा म्हटला नव्हता, गावात जमिनीचे मोजणीवाले पोलिसांना घेऊन आले तेव्हा म्हटला नव्हता. आता म्हटला तरी कोण मानणार? खटका म्हणजे मालूबाईचा राग, हे या घरात पोराटोरांना माहीत. वरच्या मजल्यावरचे जिना उतरताना हसत होते, "मालूआजीने सुनेचापण लाइट घालवला." तिला ते ऐकू आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात वर गेला नाही.

रात्रीच्या जेवणाला काशिरामचं ताट घेऊन हरेश गेला तेव्हा त्याने तिथे काय ऐकलं कोण जाणे, पण परत आला तो मान खाली घालून. अंकिताला म्हणाला, "लिहून टाक त्यांना, गावाचा लाइट गेला. कोण बघायला येतंय?"

"कायद्याचं शिकायला खोटं लिहून शिरू?" अंकिता म्हणाली. तिने खरं ते लिहिलं: घरातल्या मोठ्या माणसाने वीज बंद केली, त्यांचा गैरसमज झाला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अंकिताने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि जिन्याखाली येऊन उभी राहिली.

"वीज ज्यांनी बंद केली त्यांच्याशी बोलायचंय म्हणतात. उद्या दुपारी. मला मुद्दाम त्रास दिला, की खरंच गैरसमज झाला, ते बघणार. मग ठरवणार परत पेपर द्यायचा का नाय." ती जरा थांबली. "तुमी एकट्याच लागाल खोलीत. दार लावून. मी जवळ असले तर शिकवलंय म्हणतील. आणि तुमचं कार्ड लागेल."

एकटी. दार लावून. कार्ड.

"तुमाला नको असेल तर राहू दे," अंकिता म्हणाली, आणि तिने ते खरंच मनापासून म्हटलं, म्हणून मालूबाईला ते फार लागलं.

काशिराम, जो घराबाहेर पडत नसे, तो पडवीपर्यंत आला आणि खांब धरून म्हणाला, "वयनी, नको बसू. ते असंच गोड बोलतात पहिल्यांदा. आधी पोरीला, मग तुला. पेटी बघितलीय त्यांनी." ती म्हणाली, "तू घरी जा." पण त्याचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. पोरगी म्हणते परीक्षा. पोरीला तरी कोणी सांगितलं? त्या फोनमधल्यांनीच ना? काशिरामलाही वर्दी खरीच वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नवं लुगडं नेसलं. केस विंचरले. कानातली कुडी काढली, विचार करून पुन्हा घातली. पेटी पलंगाखालून ओढून स्वयंपाकघरात ठेवली. अंकिताने लॅपटॉप लावून दिला, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. कडी मालूबाईने स्वतः लावली. कडी दोनदा हातातून सुटली.

पडद्यावर एक बाई आली. चष्मा, आखूड केस, पुण्याकडची बोली.

"नमस्कार आजी, मी ऋचा. आधार कार्ड दाखवता का जरा?"

मालूबाईने कार्ड धरलं. धरलं तेव्हा वाटलं, गेलं. आता गेलं सगळं.

"अजून थोडं जवळ. छान. आता खोली दाखवाल?"

ते लॅपटॉपचं धूड तिला उचलता येईना. तिने कसंबसं फिरवलं. भिंती एकेक करून पुढे सरकल्या, आणि प्रत्येक भिंतीबरोबर तिला काशिराम दिसला, खाटेवर, या बाजूने चपलांचा आवाज ऐकत बसलेला.

"आता कान दाखवता, केस मागे घेऊन?"

"नाय," मालूबाई म्हणाली.

"आजी, तो नियम आहे."

"नियम तुमचा. सोनं माझं. मी सोनं कोणाला दाखवत नाय."

पडद्यावरच्या बाईने चष्मा सारखा केला. मग म्हणाली, "बरं. नका दाखवू. वीज तुम्ही बंद केलीत?"

"केली."

"का?"

मालूबाईने तोंड उघडलं. सांगायला पुष्कळ होतं. आमच्या घरात दिवसा दार लावत नाहीत हे सांगायचं होतं, तुमच्या त्या माणसाचा आवाज पोलिसासारखा होता हे सुनवायचं होतं, माझ्या घरात माझा खटका, तुम्ही कोण विचारणार, हेही ओठांवर आलं होतं. बाहेर दाराला लागून अंकिता उभी होती, तिची सावली फटीखाली दिसत होती.

"घाबरले," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुमाला." आणि मग शब्द आपोआप आले, पडवीत पाणी शिरावं तसे. "शेजारी माझ्या दिराला असाच कोंडला होता. कार्ड, भिंती, सगळा असाच. मी दाराशी जाऊन परत आले. माझ्या पोरीला पण तसाच धरला, असं मला वाटला. ती बोलत नव्हती. ती माझ्याकडे बघून बोलली नाय, ती कधी गप नसते. मला दुसरा काय सुचला नाय. आतापण मी घाबरलेलीच हाय. तुमी कोण ते मला माहीत नाय. तरी बसलेय."

ऋचा नावाच्या त्या बाईने काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"पुन्हा पेपर ठेवला, तर पुन्हा बंद कराल?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"हात जाईल वर," ती म्हणाली. "खाली धरून ठेवीन."

"ठीक आहे. कळवू आम्ही." पडदा काळा झाला.

ती बाहेर आली तेव्हा अंकिता दाराशी तशीच उभी होती. मालूबाईच्या पाठीवरचा पदर घामाने चिकटला होता, तो सुनेने सोडवून सारखा केला, आणि चहा ठेवायला गेली. जाताना तेवढं म्हणाली, "आय, कडी मी लावली असती ना. हात कापत होते तुमचे, ऐकू येत होतं."

पुढचे दिवस फोन वाजला की मालूबाई खुर्चीतून उठायची. उत्तर आलं नाही तर पोरीचा पेपर गेला, आलं तर ते कुणाकडून आलं याचा भरवसा नाही. जवळ्याची पाटी तशीच पडून राहिली. शेवटी कळवलं: परत बसू देतोय, एकदाच. गुरुवारी दुपारी.

गुरुवारी जेवणं झाल्यावर अंकिता जिन्याखाली आली.

"आय, मी आता आत जाते. पेपर हाय. दार लावणार. आत माणसाचा आवाज येईल, कार्ड दाखवा म्हणेल, भिंती दाखवा म्हणेल. तुमी हाक मारली तरी मी ओ देणार नाय. संपला की मी स्वतः कडी काढणार."

"जा," मालूबाई म्हणाली. "आणि हे बघ. नापास झालीस तर मी काय बोलणार नाय." मग तिला राहवेना. "चार दिवस."

अंकिता हसली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. कडी लागली.

वरच्या तिन्ही मजल्यांना मालूबाईने सकाळीच बजावलं होतं: मोटर नाही, मिक्सर नाही, इस्त्री नाही, ज्याने दुपारी काही लावलं त्याचं सामान गल्लीत. मीटरच्या पेटीचं झाकण तिने सुतळीने बांधलं होतं, गाठीवर गाठ. काशिराम येऊन पायरीवर बसला. कुणी बोलावलं नव्हतं. विमान गेलं डोक्यावरून, खाली खाली, खिडक्या हादरवत, आणि दोघांनीही श्वास रोखून धरला, जणू त्या हादऱ्यानेच खटका पडायचा होता.

आतून आवाज आला. "आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा."

काशिरामने गुडघे जवळ घेतले. मालूबाईचा उजवा हात मांडीवरून उठला. तिने तो डाव्या हाताने धरला, खाली आणला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, शाळेत मास्तरांनी बसवावं तशी. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली होती.

"पलंगाखाली दाखवा."

"वयनी," काशिराम कुजबुजला. "एक हाक मारून बघू?"

"गप."

"नुसती. ओ देते का बघू."

"ओ देणार नाय ती."

"मग कसं समजायचं?"

मालूबाईच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तिथून ओठावर. पुसायला हात मोकळे नव्हते. तिने दाराकडे बघितलं. दार तसंच होतं, जसं काशिरामचं त्या दिवशी होतं, जसं कुठलंही बंद दार असतं. बाहेरून काही कळत नव्हतं.

"तू म्हणालेलास, झोपलोय," ती म्हणाली. "ही सगळं सांगून गेलीय."

काशिरामने मान हलवली. तेवढ्याने त्याची भीती गेली नाही, तिचीही नाही. आत खुर्ची करकरली, मग सगळं शांत झालं. दोघं दाराकडे बघत बसून राहिली.